नाते, लागू असल्यास

अर्ज एकाच पानाचा आहे, पाठपोट.
परीक्षा विभागाच्या खिडकीशी सुतळीला बांधलेलं पेन,
रिफिल संपत आलेली.
'अपरिहार्य कारणास्तव मूल्यमापनास मुदतवाढ मिळणेबाबत.'
नाव: तांडेल हर्षदा मोरेश्वर.
एम.एस्सी., वनस्पतिशास्त्र, भाग एक.
राहिलेले काम: हर्बेरियम, चाळीस पाने, पंचवीस गुण.

कारणासाठी तीन ओळी दिल्यात.
तीन ओळींत मावलं नाही, की
माझी झाडं शकीलाखालाच्या गादीखाली असायची.
कॉलेजचा प्रेस नऊ जणांत एक,
आणि खालाचं वजन ब्याऐंशी किलो.
उर्दू पेपराच्या घडीत आघाडा, टाकळा, कुर्डू,
मिठीच्या काठावरून आणलेली खारफुटीची डहाळी,
वर खाला, दुपारची झोप काढत.
"सो रही हूँ कि काम कर रही हूँ?" विचारायची.
मी म्हणायचे, दोन्ही.

सोळा तारखेला पहाटे ती मोरीत पडली.
चौघांनी गादीवर घेतली,
गादीसकट जिना उतरवली.
झाडं पायऱ्यांवर सांडली.
कुणी चपलेनं बाजूला सारली असतील,
मी वळून पाहिलं नाही.

भाभा रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात,
रात्री फक्त नात्यातलं माणूस थांबू शकतं.
सिस्टरनं विचारलं, कोण लागते?
मुलगी, म्हटलं.
तिनं केसपेपर पाहिला: शकीला बानू अब्दुल गनी.
माझं ओळखपत्र पाहिलं. मग भिंतीवरचं घड्याळ.
आणि लिहिलं, सोबत: मुलगी.
अकरा रात्री मी त्या एका शब्दावर झोपले,
दोन खाटांमधल्या फरशीवर.

आता रकाना सात. आजारी व्यक्तीशी नाते.
मी लिहिलं, शेजारीण.

खिडकीतले गुरव सर चष्मा कपाळावर ढकलतात.
"शेजारीण चालत नाही. आई, वडील, भाऊ, बहीण, पती."
यादीवर बोट फिरतं, तळाला जातं, परत वर येतं.
"आणि हे हॉस्पिटलचं पत्र तर मुलगी म्हणतंय.
दोन्हींतलं खरं कुठलं?"

मागे रांगेत एक मुलगा, उजवा हात प्लास्टरमध्ये.
त्याचं कारण लांबूनही दिसत होतं.
मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

सर, आई दोन पाळ्यांत कामाला जायची तेव्हा
मला पाटीवर 'अ' गिरवायला लावला तो खालानं.
तिला स्वतःला येत नव्हता,
माझ्याच पुस्तकात बघून बघून
माझ्या आधी शिकली.
याचा दाखला कोण देतं?
नगरसेवक, की तहसीलदार?
शिक्का गोल असतो की चौकोनी?

यातलं मी काहीच बोलले नाही.
म्हटलं, "दोन्ही, सर."

पंख्याखाली अर्जांचा गठ्ठा फडफडत होता,
त्यावर त्यांचा जेवणाचा डबा ठेवलेला.
बऱ्याच वेळानं आतून एक कोरा अर्ज आला.
"रकाना नऊ बघा. इतर, स्पष्टीकरण जोडावे.
तो कुणी भरत नाही.
वेगळ्या पानावर लिहा, खाडाखोड नको.
घटनेपासून चौदा दिवस, म्हणजे आजच. साडेचारच्या आत.
मंजूर होईल असं मी म्हणत नाही हां.
समितीकडे जाईल."

चार तेवीसला मी पान जोडलं.
टाचणी माझ्याच ओढणीची.

दोन महिने झाले, 'विचाराधीन' आहे.
खाला घरी आहे, डावा हात जरा जड,
बाकी सगळी हलकी. अडुसष्ट किलो.
परवा नवा आघाडा आणून
तिच्या गादीखाली सरकवला.
सकाळी पाहिलं तर देठ अजून फुगीर, पान वळलेलं.
"वजन कम पड रहा है क्या?"
मी काही म्हणाले नाही.
"वो तेरी मोटीवाली किताब दे इधर,"
म्हणाली,
आणि वनस्पतिशास्त्राचा पहिला खंड
छातीशी धरून झोपली.